शब्दकोश मिटून ठेवा, आधी वादळ येऊ द्या: जादूच्या कादंबरीतून इंग्रजी शब्द शिकताना

माझी पहिली इंग्रजी कादंबरी अकराव्या पानावर वारली. कॉलेजची सुट्टी होती, ड्रॅगन आणि तलवारीवालं एक जाडजूड पुस्तक मित्राकडून आणलं होतं आणि उशाशी तेवढाच जाड शब्दकोश. अडेल तो शब्द शोधायचा, वहीत उतरवायचा, पुढे सरकायचं. चार दिवसांत वहीत दीडशेच्या वर शब्द झाले, पण गोष्टीत काय चाललंय असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या दीडशेतले आज मला दोनच आठवतात. 'हिल्ट', म्हणजे तलवारीची मूठ, आणि 'स्कॅबर्ड', म्हणजे म्यान. बँकेत, मुलाखतीत, ईमेलमध्ये, कुठेही मला अजून म्यानाची गरज पडलेली नाही.

तेव्हा हा लेख माझ्यासारख्यांसाठी. मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेली, साधं इंग्रजी वाक्य कळतं, पण एकही इंग्रजी कादंबरी शेवटापर्यंत गेलेली नाही. अशा माणसाला फँटसी हा चांगला रस्ता आहे, कारण 'पुढे काय झालं' ही ओढ व्याकरणाच्या पुस्तकात नसते. पण त्यात खड्डाही आहे. फँटसीतले शब्द दिसायला झगझगीत असतात आणि नवखा वाचक नेमके तेच वेचत बसतो. खरा उपयोगाचा माल त्यांच्या शेजारी साध्या कपड्यांत उभा असतो. कुठला शब्द सोडायचा आणि कुठला घरी आणायचा, हे एकदा कळलं की बाकीचं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही.

पहिली पायरी: पुस्तक

सगळ्यांत जास्त माणसं इथेच पडतात. सिनेमा आवडला म्हणून थेट हजार पानांच्या ग्रंथाला हात घालतात. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांचं म्हणणं असं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची असेल, तर साधारण 98 टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. मोठ्यांच्या कादंबऱ्या या हिशेबाने वाचायला 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं लागतात. 'कुटुंब' म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी रूपं एकत्र धरून. एवढी शिदोरी सुरुवातीला कुणाकडेच नसते, म्हणून मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकापासून सुरुवात करायची. त्यात कमीपणा काही नाही.

पुस्तक उघडून मधलं एखादं पान वाचा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पानावर अडीचशे शब्द असतील आणि एका हाताची बोटं संपली, तर पुस्तक बरोबर आहे. दुसऱ्या हाताची बोटंही संपली तर ते फडताळात ठेवा. ते पळून जात नाही.

माझी शिफारस एकच: एल. फ्रँक बाउम यांचं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ', 1900 साली अमेरिकेत छापलेलं. कॅन्सस राज्याच्या माळावर काका-काकूंकडे राहणारी डोरोथी नावाची मुलगी वादळात घरासकट उडून जादूच्या मुलखात पडते आणि घरी परतायची वाट शोधते. सोबतीला एक बुजगावणं, एक पत्र्याचा लाकूडतोड्या आणि एक भित्रा सिंह. 24 प्रकरणं, एकूण चाळीस हजारांच्या आतले शब्द, म्हणजे एक प्रकरण सरासरी दीड-पावणेदोन हजार शब्दांचं. अगदी सावकाश वाचलं तरी वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. वाक्यं सरळ आहेत आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. शिकणाऱ्याला हवं ते हेच.

शिवाय फुकट. बाउम 1919 साली वारले, त्यामुळे पुस्तकावर आता कॉपीराइट नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर मिळतो आणि लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेला आवाज. विकत घेणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. रस्त्यावर आणि स्टेशनवर याच नावाच्या साठ-सत्तर पानी रंगीत प्रती मिळतात. त्या कुणीतरी कापून-छाटून केलेल्या असतात. अनुक्रमणिका उघडून 24 प्रकरणं मोजा.

दुसरी पायरी: पहिलं प्रकरण, हात बांधून

पहिलं प्रकरण चार-पाच पानांचं आहे. ते एका बैठकीत, शब्दकोश न उघडता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वाचायचं. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ, बस्स. थांबायचं नाही. वादळ येतं, काकू तळघरात उतरते, डोरोथी कुत्र्याला पकडायला धावते आणि घर वर उचललं जातं. एवढं कळलं की तुम्ही पास.

इथे बऱ्याच जणांना अपराधी वाटतं. शाळेत धडा शिकताना प्रत्येक कठीण शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिला जायचा, त्यामुळे अर्थ न बघता पुढे जाणं म्हणजे चोरी वाटते. पण मराठी वाचायला शिकलो तेव्हा आपण काय केलं होतं? अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी वाचताना 'वजीर', 'खलिफा', 'अशर्फी' हे शब्द कुणाला विचारले होते? गोष्टीच्या धक्क्याने ते आपोआप आत आले.

तिसरी पायरी: रेघांची चाळण

आता दुसऱ्यांदा वाचा आणि रेघ मारलेल्या शब्दांचे तीन ढीग करा. सगळ्या पद्धतीचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पहिला ढीग लेखकाने घडवलेल्या शब्दांचा. ऑझमध्ये 'मंचकिन' नावाची माणसं आहेत, 'विंकी' आहेत, सातव्या प्रकरणात 'कालिडा' नावाचं जनावर येतं. कालिडाचं अंग अस्वलाचं आणि डोकं वाघाचं, हे पुस्तकातच सांगितलंय, कारण बाउमच्या अमेरिकन वाचकालाही तो शब्द नवाच होता. या ढिगाकडे ढुंकूनही बघायचं नाही. फँटसीत नवख्याला निम्मी धास्ती या शब्दांची असते, आणि ते कुणालाच येत नसतात.

दुसरा ढीग त्या जगातल्या सामानसुमानाचा. तलवार, म्यान, कढई, झगा, पाचू. हे शब्द दिसल्यावर ओळखता आले की झालं. पाठ करायचे नाहीत, वहीत लिहायचे नाहीत. माझे ते दीडशे शब्द जवळजवळ सगळे या ढिगातले होते.

तिसरा ढीग माणसाच्या स्वभावाचे, चेहऱ्याचे, आवाजाचे, हालचालीचे शब्द. यांना जादूशी काही देणंघेणं नाही. ते ऑफिसात, बातमीत, कोर्टाच्या निकालात, सगळीकडे भेटतात. ऑझच्या पहिल्या प्रकरणातच बघा. हेन्री काकांचं वर्णन 'स्टर्न' आणि 'सॉलेम' या दोन शब्दांत येतं. एम काकू 'गॉन्ट' आहे. काका आकाशाकडे बघतात ते 'अँक्शसली', म्हणजे काळजीने. वाऱ्याचा आवाज म्हणजे 'वेल', विव्हळल्यासारखा. पहिल्या काही पानांतच पाच शब्द, आणि पाचही आयुष्यभर पुरणारे.

गंमत म्हणजे या तिसऱ्या ढिगासाठी मराठीत अचूक शब्द तयार असतात, कारण माणसं सगळीकडे सारखीच. 'गॉन्ट'ला शब्दकोश 'अतिशय बारीक' म्हणेल, पण काकूला माळावरच्या उन्हाने आणि कष्टाने जे झालंय त्याला आपण 'खंगलेली' म्हणतो. 'स्टर्न' म्हणजे नुसता 'कडक' नव्हे. कडक शिस्तीचा तो 'स्ट्रिक्ट'. ज्याच्या चेहऱ्याकडे बघूनच पोरं गप्प बसतात तो 'स्टर्न', आपला 'करारी'. 'सॉलेम' म्हणजे गंभीर, पण आजारी माणसाची तब्येत गंभीर असते तिथे हा शब्द चालत नाही. तिथे 'सीरियस' किंवा 'क्रिटिकल'. एक मराठी शब्द इंग्रजीत दोन-तीन ठिकाणी फुटतो, कधी उलट होतं. अशा जागी पाच मिनिटं जास्त घालवली तर ती फुकट जात नाहीत.

एका प्रकरणातून वहीत पाचच शब्द घ्यायचे. सहावा कितीही गोड दिसला तरी नाही. 24 प्रकरणांचे 120 शब्द होतात. कमी वाटतात ना? पण ते खरोखर तुमचे असतील.

चौथी पायरी: आधी अंदाज, मग शब्दकोश

शब्दकोश उघडण्यापूर्वी पेन्सिलीने समासात अंदाज लिहा, मराठीतच. चुकला तरी चालेल. किंबहुना चुकला तर शब्द जास्त पक्का बसतो. पाचव्या प्रकरणात जंगलात लाकूडतोड्या सापडतो. हालत नाही, कण्हतोय, आणि तेलाची बुधली मागतोय. तेल घातल्यावर मान वळायला लागते, मग हात, मग पाय. इथे 'रस्ट' म्हणजे गंज आणि 'जॉइंट्स' म्हणजे सांधे हे कुणी सांगावं लागत नाही, पत्र्याची ट्रंक असलेल्या घरात तर नाहीच. 'ग्रोन' म्हणजे कण्हणं हेही तिथेच सापडतं. पुढे हाच लाकूडतोड्या चुकून पायाखाली किडा चिरडला म्हणून रडतो आणि अश्रूंनी त्याचा जबडा गंजतो. 'रस्ट' दुसऱ्यांदा भेटतो, 'जॉ'शी ओळख होते. गोष्टीतून शिकणं म्हणजे हेच, शब्द स्वतःहून पुन्हा दारात येतो.

पण अंदाज फसतोही. 'हंबग' या शब्दाबद्दल मी अनेक वर्षं समजत होतो की हा कुठलातरी गुणगुणणारा किडा, कारण 'हम' म्हणजे गुणगुणणं आणि 'बग' म्हणजे किडा. पंधराव्या प्रकरणात थोर जादूगार ऑझचं बिंग फुटतं आणि तो स्वतःच कबूल करतो की आपण 'हंबग' आहोत. ढोंगी, भोंदू. माझा किडा तिथे मेला. शब्दाचे तुकडे पाडून अर्थ काढायची खोड असेल तर एवढं लक्षात ठेवा: तुकडे खूण दाखवतात, पुरावा देत नाहीत.

आपल्याला शाळेत शिकवलेला एक नियमही इथे अडवतो. शेवटी 'ली' आलं की क्रियाविशेषण, हा तो नियम. मग सिंहाचं विशेषण 'कावर्डली' कसं? कारण काही 'ली'वाले शब्द विशेषणंच असतात: 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोनली'. 'कावर्डली' त्याच पंगतीतला. नियमापेक्षा सिंह लक्षात ठेवा.

अंदाज लिहून झाला की शब्दकोश. कुठला? शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी. लाँगमनचा असा कोश अर्थ सांगताना सुमारे 2,000 सोप्या शब्दांतच सांगतो, ऑक्सफर्डचा सुमारे 3,000. त्यामुळे एका शब्दाचा अर्थ बघायला गेलं आणि त्यातले आणखी तीन शोधत बसलो, ही वेळ सहसा येत नाही. हे कोश फोनवर फुकट बघता येतात आणि उच्चारही ऐकवतात. तरी वस्तूंच्या बाबतीत मी सरळ मराठी अर्थ बघतो आणि इतरांनाही तेच सांगतो. 'एमराल्ड' म्हणजे 'चकाकणारा हिरवा मौल्यवान खडा' असं इंग्रजीत वाचून काय मिळवायचं? पाचू म्हटलं की संपलं. वस्तूला मराठी नाव, स्वभावाला आणि क्रियेला इंग्रजी स्पष्टीकरण आणि एक वाक्य, असा माझा कायदा आहे.

पाचवी पायरी: ओळखीचे चेहरे तपासा

अनोळखी शब्द निदान दिसतो तरी. खरा घोटाळा करतो तो आधीच येणारा शब्द वेगळ्या अर्थाने आला की. डोळा त्यावरून सहज घसरतो, रेघ पडत नाही, आणि वाक्य मात्र विचित्र होऊन बसतं.

ऑझच्या विसाव्या प्रकरणाच्या शीर्षकात 'चायना कंट्री' आहे. एका वाचकाने मला विचारलं, डोरोथी चीनमध्ये कधी पोचली? ती चीनमध्ये नाही, चिनी मातीच्या देशात पोचली आहे. तिथली माणसं, गाई, घरं सगळं लोणच्याच्या बरणीच्या मातीचं. नवव्या प्रकरणात सिंहाला खसखशीच्या शेतातून बाहेर काढायला लाकूडतोड्या 'ट्रक' बनवतो. आपल्या डोळ्यांपुढे मालट्रक येतो. तिथे तो लाकडी गाडा आहे आणि तो उंदीर ओढतात. बुजगावणं उभं आहे ते 'कॉर्न'च्या शेतात. अमेरिकन पुस्तकात कॉर्न म्हणजे मका, पण इंग्लंडच्या जुन्या पुस्तकात तोच शब्द गव्हासकट कुठल्याही धान्याला लागतो.

फँटसीत हा प्रकार पदोपदी आहे. 'स्पेल' म्हणजे शाळेत स्पेलिंग, इथे मंत्र. 'चेस्ट' म्हणजे छाती, इथे खजिन्याची पेटी. 'ड्रॉ' म्हणजे चित्र काढणं, इथे तलवार उपसणं. 'स्टिल' म्हणजे अजून, आणि इथे निश्चल. 'फेअर' कधी गोरी, कधी न्याय्य, कधी जत्रा. वाक्य वेडंवाकडं वाटलं की नव्या शब्दाला दोष देण्याआधी जुन्या शब्दाला पुन्हा विचारा. आणि शब्दकोशात पहिल्या अर्थावर थांबू नका. तुमचा अर्थ तिसरा किंवा पाचवा असू शकतो.

काही शब्दांचा अर्थ काळाने बदललाय, तिथे जपून. ऑझमध्ये 'क्विअर' हा शब्द 'विचित्र, चमत्कारिक' या अर्थाने बरेचदा येतो. आज तो मुख्यतः माणसाच्या लैंगिक ओळखीबद्दल वापरतात. पुस्तकातून उचलून ऑफिसातल्या कुणाला म्हणालात तर पंचाईत होईल. शब्द 1900 सालचा आहे, हे भान ठेवायचं.

सहावी पायरी: कान

जादूच्या गोष्टींमध्ये मुकी अक्षरं जितकी भेटतात तितकी क्वचितच कुठे भेटत असतील. 'सोर्ड'मधला डब्ल्यू मुका. 'कासल'मधला टी मुका. 'नाइट', म्हणजे घोडेस्वार योद्धा, यातला के मुका आणि जीएचही मुके. 'टूम', म्हणजे थडगं, याच्या शेवटी बी आहे, तो बोलत नाही. 'नोम' या बुटक्याच्या नावाची सुरुवात जी अक्षराने होते.

याला कारण आहे. त्या 'नाइट'मधला के एके काळी खरंच उच्चारला जायचा. जर्मनमध्ये याच कुळातला 'क्नेश्ट' हा शब्द आजही क सकट बोलतात. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला, छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि लोकांच्या तोंडचे उच्चार पुढे वाहत राहिले. म्हणजे स्पेलिंग हा त्या शब्दाचा जुना फोटो आहे. हे कळल्यावर निदान मला तरी इंग्रजीचा राग येईनासा झाला.

आपल्याकडे एक हत्यार आहे, ते वापरा: देवनागरी. वहीत शब्दाशेजारी ऐकलेला उच्चार देवनागरीत लिहा. अ‍ॅ आणि ऑ या चिन्हांनी बरंचसं काम भागतं. 'विझर्ड'मधला झ 'माझा'मधल्या झ सारखा, 'झेंडा'मधल्यासारखा नाही. हा फरक हिंदी माणसाला नुक्ता देऊन लिहावा लागतो, आपल्या जिभेवर तो जन्मतः आहे. फसतो तो व. 'विच' आणि 'व्हिलन' यांची सुरुवात वेगवेगळ्या अक्षरांची आहे: पहिल्यात ओठ गोल, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. आणि 'विकेड', म्हणजे दुष्ट, हा शब्द ऑझमध्ये पुन्हा पुन्हा येतो. तो 'विक्ड' असा एका झटक्यात म्हणायचा नाही. 'वि-किड', दोन तुकडे.

प्रकरण वाचून झालं की तेच प्रकरण ऐका, पुस्तकावर बोट ठेवून. लिब्रिव्हॉक्सवर एकाच पुस्तकाची वेगवेगळ्या लोकांनी केलेली वाचनं असतात. दोन मिनिटं ऐकून ज्याचा आवाज झेपेल तो निवडा.

सातवी पायरी: वही आणि पत्ते

वहीच्या एका पानावर तीनच शब्द. प्रत्येकाखाली पुस्तकातलं पूर्ण वाक्य, मराठी अर्थ, आणि तुमचं स्वतःचं एक वाक्य. स्वतःचं म्हणजे खरोखर स्वतःचं. 'स्टर्न' साठी एका मुलीने लिहिलं होतं की आमची घरमालकीण पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की 'स्टर्न' होते. ते वाक्य मलाही अजून आठवतं. 'राजा करारी होता' असं लिहिलं असतं तर दोघांनीही विसरलं असतं.

माणूस किती भराभर विसरतो याचे पहिले पद्धतशीर प्रयोग जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच केले आणि 1885 साली छापले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळाने किती उरले ते मोजायचं. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यांत जोरात होतं, मग मंदावतं. म्हणून आज शिकलेला शब्द उद्याच पुन्हा बघायचा, महिन्याने नव्हे. यावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन माणसाने 1970च्या दशकात खोक्यांची युक्ती लोकप्रिय केली. ती फुकटात होते. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून पत्ते करा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि वाक्य. मिठाईचे तीन रिकामे खोके घ्या. पहिल्यातले पत्ते रोज, दुसऱ्यातले दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातले आठवड्याने. बरोबर आला तर पत्ता पुढच्या खोक्यात, चुकला तर परत पहिल्यात. ज्यांना फोनच बरा वाटतो त्यांच्यासाठी 'अँकी' नावाचं अ‍ॅप हेच काम करतं. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. दुसऱ्यांचे तयार पत्ते मात्र उतरवून घेऊ नका. ज्या शब्दाची तुमची गाठ गोष्टीत पडलेली नाही तो पत्त्यावर परकाच राहतो.

किती दिवस?

रोज अर्धा तास. पहिल्या दिवशी प्रकरण वाचायचं, दुसऱ्या दिवशी रेघांची चाळण आणि पाच शब्द, तिसऱ्या दिवशी ऐकायचं आणि ते प्रकरण कुणालातरी मराठीत सांगायचं. हो, मराठीतच. घरातलं एखादं लहान मूल असेल तर उत्तम, कारण ते 'मग सिंहाने काय केलं?' असं विचारतं आणि तुम्हाला कळलेलं नसेल तर लगेच उघडं पडतं. तीन दिवसांना एक प्रकरण, म्हणजे साधारण अडीच महिने. लग्नसराई, परीक्षा, पाहुणे धरून तीन. एखादा आठवडा चुकला तर नवं प्रकरण सुरू करू नका, आधीचं एक पुन्हा वाचा. गोष्टीचा धागा हातात येतो आणि शब्दही.

दहाव्या-बाराव्या प्रकरणाच्या सुमारास मागे वळून पहिलं प्रकरण वाचा. ज्या रेघा आता नको वाटतील त्या खोडरबराने पुसा. एवढी चैन पेनाने रेघा मारणाऱ्याला मिळत नाही.

त्यानंतर

ऑझ संपल्यावर जे. आर. आर. टॉल्कीन यांचं 'द हॉबिट' घ्या. 1937 साली लंडनमध्ये छापलेलं, 19 प्रकरणांचं, पण ऑझच्या दुपटीहून मोठं आणि वाक्यं लांब. लेखक ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्याआधी 1919-20 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात डब्ल्यू अक्षराच्या शब्दांवर नोकरी केली होती. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात जुने शब्द मुद्दाम पेरलेले सापडतात. जाळं विणणाऱ्या कोळ्यांना चिडवायला ते 'अ‍ॅटरकॉप' हा शब्द वापरतात. तो त्यांनी घडवलेला नाही, जुन्या इंग्रजीत कोळ्यालाच तसं म्हणत, आणि आजच्या 'कॉबवेब'मधला, म्हणजे कोळिष्टकाच्या शब्दातला, 'कॉब' त्याच घरचा. तरीही जाईल तो दुसऱ्या ढिगातच. बुटक्यांचं अनेकवचन त्यांनी 'ड्वॉर्फ्स' ऐवजी 'ड्वॉर्व्ह्स' असं केलं आणि पहिल्या छपाईपासून तसंच धरून ठेवलं. पुढच्या फँटसी लेखकांनी ते इतकं उचललं की आता ते चूक वाटत नाही.

स्पेलिंगचा एक बदल तेवढा आधीच माहीत असू द्या. ऑझ अमेरिकन आहे, तिथे करड्या रंगाचा 'ग्रे' ए अक्षराने लिहितात. पहिल्या प्रकरणात तो पानोपानी भेटतो, कारण कॅन्ससचा माळ, घर, काका, काकू सगळेच करडे आहेत. 'कलर'मध्येही यू नसतो. हॉबिट ब्रिटिश आहे, तिथे ग्रे ई अक्षराने आणि कलर यू सकट. आपल्या शाळा-परीक्षांत ब्रिटिश स्पेलिंग चालतं, म्हणून वहीत शब्द उतरवताना ऑझमधलं स्पेलिंग तिथल्या तिथे बदलून घ्या.

आणि हॉबिटची फुकट पीडीएफ शोधू नका. टॉल्कीन 1973 साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे 2033 संपेपर्यंत. गावातल्या वाचनालयात विचारा. प्रत वाचनालयाची असेल तर रेघा मारता येणार नाहीत, तेवढ्यासाठी कागदाची एक लांब पट्टी कापून खुणेसारखी पुस्तकात ठेवा, आणि अडलेला शब्द पान क्रमांकासह तिच्यावर लिहा.